तासाभराच्या आत

"माझे आजोबा आत्ता नरकात आहेत का?"

प्रश्न विचारून केझाया खाली बसली नाही. शाळेच्या वादविवाद संघातून गेल्या महिन्यात तिने जिल्ह्यात पहिला नंबर मारला होता, आणि तेव्हापासून उत्तर मिळेपर्यंत उभंच राहायचं अशी तिला खोड लागली होती. पैज टॅमरा आणि जोएलची. दुपारी शाळेत जेवताना दोघांनी तिला डिवचलं होतं. सगळे धर्म एकाच देवाचे म्हणून आमच्यासमोर मोठ्या गप्पा मारतेस, मग आज बुधवार आहे, आमच्या बायबल वर्गाला ये आणि पाळकांना तोंडावर विचारून दाखव. हिमतीचा विषय निघाला की केझायाचं डोकं बंद पडायचं आणि तोंड सुरू व्हायचं.

त्या वर्गाला दर बुधवारी खाणं कोण आणतं, याचा विचार मात्र तिने केला नव्हता. हॉलच्या मागच्या दारात तळलेल्या चिकनचा ट्रे धरून तिची आजी लुवेनिया उभी होती. आजोबांना जाऊन अजून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

रेव्हरंड गॅलियार्ड यांनी चष्मा काढला, टायच्या टोकाने पुसला, परत घातला. माणूस भला. आमोस आजोबांबरोबर त्यांनी तीस वर्षं ब्लॅक रिव्हरवर गळ टाकून मासे धरले होते. ते म्हणाले की कोण कुठे आहे हे सांगणारा मी कोण, तो निवाडा देवाचा. पण चर्च काय मानतं ते विचारलंस तर खोटं बोलणार नाही. ख्रिस्त हा अनेक गुरूंमधला एक गुरू नाही. माणसाला नुसती शिकवण कमी पडली असती तर गुरू पुरला असता. माणूस पापात बुडालेला होता, त्याला रक्त सांडून सोडवावं लागलं.

केझायाचं उत्तर तयारच होतं. आजोबांसारखे आम्ही बहाईही ख्रिस्ताला मानतो, ती म्हणाली. सूर्य एकच, फक्त उगवण्याची जागा युगायुगाने बदलते. एकदा ख्रिस्त, मग आणखी कोणी, आणि आमच्या काळासाठी आमच्या धर्माचे संस्थापक बहाउल्ला.

"सूर्य एकदाच मेला आणि एकदाच उठला, पोरी," रेव्हरंड शांतपणे म्हणाले. "देहासकट उठला. आमचं सगळं त्या रिकाम्या थडग्यावर उभं आहे."

"आमच्यात म्हणतात, देह नाही उठला. शिष्यांचा मेलेला विश्वास उठला."

जोएलने खाली मान घालून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. टॅमरा केझायाची बाही ओढत होती. आजी पुढे आली, ट्रे टेबलावर ठेवला, गरम आहे तोवर खाऊन घ्या म्हणाली आणि निघून गेली.

केझाया धावत बाहेर पोचली तेव्हा आजी जुन्या ट्रकमध्ये बसली होती, इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. केझाया शेजारी चढून बसली. पैज होती, आजी, तू तिथे असशील हे मला माहीत नव्हतं, असं काहीबाही ती बोलत राहिली. जिल्ह्यात पहिली आलेली जीभ, पण एक वाक्य धड जुळेना.

आजीने ट्रक सुरू केला, पण घराकडे न वळवता चर्चच्या मागे, दफनभूमीच्या कुंपणापाशी नेऊन उभा केला. दुसऱ्या रांगेत एकच रुंद दगड होता. त्यावर दोन नावं, लुवेनिया आणि आमोस, दोघांची जन्मसालं, आणि पुढे कोरी जागा. आजोबांच्या नावापुढची जागाही कोरीच होती, कारण ते त्या दगडाखाली नव्हतेच. ते कोलंबिया शहराजवळच्या एका दफनभूमीत होते, इथून पावणेदोन तासांवर. कोलंबियाच्या इस्पितळात ते गेले होते, आणि बहाई नियम असा, की माणूस जिथे मरतो तिथून तासाभराच्या प्रवासापेक्षा लांब त्याला पुरायला न्यायचं नाही.

"नरकाचं मला सांगू नको," आजी म्हणाली. "तुझ्या आजोबाला मी पन्नास वर्षं ओळखत होते. त्याला नरकात घ्यायलाच कोणी तयार होणार नाही, इतका तो त्यांच्याशी गप्पा मारत बसेल."

केझायाला हसू आलं, पण आजी हसत नव्हती.

मग आजी जे बोलली ते अगदी हळू बोलली. जगाच्या शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, थडगी उघडतील, आणि ती या मातीतून उठून बसेल. उठल्यावर पहिल्यांदा उजवीकडे बघेल. कितीतरी वर्षांपूर्वी, देहबिह काही उठत नाही असं स्वतः मानणाऱ्या आमोसने तिला वचन दिलं होतं, की तुझा कर्णा वाजला तर वाजू दे, मी शेजारीच असेन, मला कोपराने ढोस.

"आणि मग गेला तिकडे," आजी म्हणाली. "मी इथे फ्लूने अंथरुणात. मला इस्पितळात येऊ दिलं नाही. शेवटी त्याच्यापुढे एकीकडे त्याचा नियम होता आणि एकीकडे मी. त्याने निवडलं. मी काही बोलत नाही. पण निवडलं."

त्या रात्री घरी केझाया वादाला पुरती तयार होऊन स्वयंपाकघरात शिरली. पपा, थर्मन, भांडी धूत होता. ममा, ओडेसा, डबे भरत होती. ओट्यावर फ्रिजला टेकून तिचं बहाई नोंदणीचं कार्ड ठेवलेलं होतं. शनिवारी तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. बहाई घरात जन्मलं म्हणून कोणी बहाई होत नाही. पंधराव्या वर्षी ज्याचं त्याने ठरवायचं, म्हणून ही सही. केझायाने कार्डावर आपलं नाव महिन्यापूर्वीच लिहून टाकलं होतं, तारखेच्या रकान्यात शनिवारसुद्धा. फक्त सही बाकी होती. त्या दिवसासाठी तिने पिवळा ड्रेस घेतला होता.

तिचा मुद्दा सरळ होता. देह म्हणजे पिंजरा आणि पक्षी उडून गेला असं आपण म्हणतो, तर पिंजरा तासावर ठेवला काय आणि दोन तासांवर काय? आजीचं त्यात सगळं आयुष्य अडकलं होतं. एका नियमासाठी आजोबांनी तिला एकटं टाकलं.

पपाने नळ बंद केला. बराच वेळ तो हात पुसत राहिला.

"सांग तिला, थर्मन," ममा म्हणाली. "मी एकटीने हे किती दिवस धरून ठेवू?"

मग पपाने सांगितलं. शेवटच्या सोमवारी आजोबा शुद्धीवर होते. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, मला आज घरी ने. घरी प्राण गेला तर चर्चची दफनभूमी पाच मिनिटांवर आहे. नियमही राहील आणि लुवेनियाला दिलेलं वचनही राहील. त्यांनी सगळं नीट मोजून ठेवलं होतं. पण डॉक्टर म्हणाले होते की आणखी एक औषध देऊन बघता येईल, दोन दिवस थांबा. पपा थांबला. म्हाताऱ्याला म्हणाला, बुधवारी नेतो. आजोबा मंगळवारी पहाटे गेले.

"मग तरी न्यायचं ना त्यांना इकडे," केझाया म्हणाली, पण तिचा आवाज वादातला राहिला नव्हता.

"एक चूक माझी झालीच होती. त्यांनी जन्मभर पाळलेला नियम मोडून त्यांच्यावर दुसरी लादायची?"

आजीला का नाही सांगितलंस, असं तिने विचारलं. पपा म्हणाला की आपल्यात माणसापुढे पापाची कबुली देत नाहीत. ते चर्चवाल्यांचं, पुढे यायचं, रडायचं आणि मोकळं व्हायचं. मी रोज देवाला सांगतो.

"कबुली देऊन पाप धुऊन घ्यायची मनाई आहे," केझाया म्हणाली. "ज्याचं नुकसान केलं त्याची माफी मागायची मनाई नाही. तूच मला शिकवलंस."

 दिवा तसाच ठेवून पपा बाहेर पायरीवर जाऊन बसला. ममाने जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बजावलं, हे तू आजीपाशी बोलायचं नाहीस, हे त्याचं आहे.

गुरुवार गेला. पपा कामावरून उशिरा आला आणि न जेवता झोपला. शुक्रवारी शाळेत टॅमराने पैज हरल्याबद्दल कॅन्टीनमधून कुकी आणून दिली. केझायाने ती तशीच डब्यात टाकली आणि विसरली. तिच्यापुढे सारखी आजी येत होती, मातीतून उठून उजवीकडे बघणारी. आजोबांना सोडायला आजी तयार होती. त्यांनी आपल्याला सोडलं, हे मात्र तिला सहन होत नव्हतं. आणि त्यांनी सोडलंच नव्हतं. आजीचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि फ्लूनंतर दोन पायऱ्या चढली तरी ती भिंतीला धरून उभी राहायची. ती हेच मनात घेऊन त्या दगडाखाली गेली तर?

पण सांगायचं तर पपाची चूक त्याच्या पाठीमागे सांगायची. दुसऱ्याचे दोष मागून बोलणं याहून वाईट काही नाही, हे बालवर्गापासून तिच्या कानावर होतं. दोनदा ती पपाला म्हणाली, आपण दोघं मिळून जाऊ या. दोनदा त्याने मान हलवली; ती हो होती की नाही, तेच कळलं नाही.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर भात आणि लाल चवळी होती. उद्याच्या सहीसाठी कोण कोण येणार ते ममा मोजत होती. केझायाने काटा खाली ठेवला. उभी राहिली नाही, बसल्या जागीच बोलली.

"उद्या मी सही करणार नाही. लोकांना येऊ नका म्हणून कळव, ममा."

ममाचा हात तसाच थांबला. पपाने पहिल्यांदा वर पाहिलं.

"माझा विश्वास गेलेला नाही. मला सही करायची होती, तुम्हाला माहीत आहे किती. पण उद्या सकाळी मी आजीकडे जाणार आहे, आणि सोमवारी आजोबा काय म्हणाले ते तिला सांगणार आहे. पपा, तू आलास तर तू सांग, मी बाहेर गाडीत बसेन. नाही आलास तर मी सांगेन. तुझी चूक तुझ्या पाठीमागे सांगणं आपल्यात मोठं पाप आहे. ते करायचं आणि त्याच दिवशी त्या कार्डावर सही करायची, हे मला नाही जमणार. मी नऊला निघणार आहे."