बायकांचा तास

सोजरबाईनं नळाच्या रांगेतली मायाक्काची घागर पायानं मागं ढकलली आणि तिच्या जागी आपली ठेवली.

"घागर ठेवून रोज कुटं पळतीस गं? असं काय ठेवलंय तितं?"

एरवी मायाक्कानं चाळ डोक्यावर घेतली असती. पाचवीत गेल्यापासून तिला बोलायला कुणाची भीती म्हणून वाटत नव्हती. पण वाचनालयात बायकांचा तास सुरू झाला होता आणि नळ अजून कोरडाच होता.

गिरणीनं कामगारांसाठी चाळ बांधली, नळ दिला, तालीम दिली, वाचनालयही उघडलं. पुरुषांना ते सकाळ-संध्याकाळ मोकळं. बायकांना दुपारचा एकच तास, तोही नेमका पाणी यायच्या वेळेला. ही अक्कल कुणाची, देव जाणे. आई भोंगा होईपर्यंत गिरणीत, त्यामुळे पाणी मायाक्काच्याच गळ्यात. तिनं परकर खोचला आणि धूम ठोकली.

वाचनालयातली बाकं रिकामी होती. शिवयोगी मास्तर वर्तमानपत्रांच्या घड्या घालत होते. मान वर न करताच त्यांनी सांगितलं, की सोमवारपासून हा तास बंद. बायका येत नाहीत, तर खोली बुद्धिबळवाल्यांना द्यावी, असं साहेब म्हणतात.

"मी येते की."

"तू एकटी, मायाक्का. एकटीसाठी किती दिवस खोली अडवायची?"

मायाक्कानं नळाचं सांगितलं, वेळ बदला म्हणाली. मास्तर कंटाळून म्हणाले, वाचनालयाची वेळ एका हपिसात ठरते, पाण्याची दुसऱ्या, आणि ही दोन हपिसं एकमेकांशी बोलत नाहीत. माणूस वाईट नव्हता. काल अर्धवट राहिलेलं मासिक त्यांनी न मागता तिच्यापुढं सरकवलं. गोष्टीतली बोट बंदर सोडून निघाली होती. सोलापुरात समुद्र कुठला, पण मायाक्काला त्याची गाज रोज ऐकू यायची. आज मात्र कानात नळाचीच खळखळ. दोन पानं कशीबशी उलटून ती उठली.

परतताना सोजरबाईसाठी तिनं शेलके शब्द गोळा केले. आपली घागर रिकामीच लोळत असणार, ह्यात तिला शंका नव्हती.

नळाचं पाणी गेलं होतं. बाया पांगल्या होत्या. सोजरबाई एकटी दगडावर बसली होती आणि तिच्याजवळ दोन घागरी काठोकाठ भरलेल्या. एकीच्या पोटाला पोचा होता. ती मायाक्काची.

गोळा केलेले शब्द आता ठेवायचे कुठं, तिला कळेना.

"त्यो तास बंद व्हणार हाय, मावशी," ती म्हणाली. "बाया येत न्हाईत म्हून."

सोजरबाईनं चुंबळ नीट केली, घागर उचलून मायाक्काच्या डोक्यावर दिली, आपली कमरेवर घेतली. दोघी चालू लागल्या. चाळीच्या पायरीशी सोजरबाई थांबली.

"निंगव्वा म्हातारी बसूनच असती दुपारची. घागरी भरायला तिला लावू उद्या."

"दोघींच्या?"

सोजरबाईनं पदराच्या टोकानं घागरीचा काठ पुसला. कोरडा झाला तरी पुसतच राहिली.

"जिला वाचाय येत न्हाई, तिला आत घेत्यात का गं?"

हे मायाक्कानं मास्तरांना कधी विचारलंच नव्हतं.

"घेत्यात की," ती म्हणाली.