पावशेर डिसकम्फर्ट

"दुखतं म्हण, पण बेताने म्हण," दवाखान्याच्या दारात बाबांनी लेकीला शेवटचं बजावलं.

बाबा शहरबसचे ड्रायव्हर. कमरेतून निघालेली कळ उजव्या पायात उतरायला लागली, तसं कंपनीने त्यांना तपासणीला धाडलं. डॉक्टरीणबाई परदेशातून आलेल्या, इंग्रजीखेरीज काही न कळणाऱ्या. म्हणून सोबत दुभाषी लेक. इंग्रजी निबंधात पहिली आल्यापासून तिची मान उंटासारखी वर गेली होती आणि घरात तिला सगळे मास्तरीण म्हणत.

तिने समानार्थी शब्दांचं पुस्तक आधीच पालथं घातलं होतं. एका दुखण्याला शब्द ढीगभर, पण प्रत्येकाचा तोरा वेगळा. 'अ‍ॅगनी' म्हणजे गडाबडा लोळणं. 'सोअरनेस' म्हणजे अंगमेहनतीनंतरची ठणक. आणि सगळ्यांत साळसूद, 'डिसकम्फर्ट'.

"हा नव्या चपलेसारखा आहे, बाबा. चावतो, पण चालता येतं."

"हाच घे. पावशेर पुरे," बाबा म्हणाले होते. "स्टिअरिंग सुटता कामा नये."

आत डॉक्टरीणबाईंनी त्यांना आडवं केलं आणि कमरेवर बोट दाबलं.

"अयाई गं, मेलो!"

"माइल्ड डिसकम्फर्ट," मास्तरीण म्हणाली.

बाईंनी पाय वर उचलला. बाबांनी आईपासून पणजीपर्यंत सगळ्यांना हाका मारल्या.

"थोडा स्टिफनेस."

"ते एवढं बोलले आणि तुझा शब्द एवढासा?" बाईंनी चष्म्यावरून बघत इंग्रजीत विचारलं.

"आमची भाषा ऐसपैस आहे," मास्तरीण इंग्रजीतच म्हणाली आणि स्वतःवर बेहद्द खूश झाली.

मग बाईंनी बाबांना डोळे मिटायला सांगितले. कुठल्या बोटाला हात लागतोय ते त्यांनी ओळखायचं होतं. बाईंनी उजव्या पायाचा अंगठा धरला. दाबला. मग चांगला करकचून चिमटा काढला.

बाबा डोळे मिटून, शहाण्या मुलासारखे पडून होते. जरा वेळाने हळूच म्हणाले, "मास्तरीण, यांनी सुरू केलं का गं?"

तिला हसू यायला हवं होतं. पण तो ब्रेकचा पाय होता.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

'अंगठा' म्हणाले, एवढं सांगितलं की झालं. बाईंना काय कळणार होतं? बाबा तर मिटल्या डोळ्यांनी हसत होते, लेकीवर सगळं सोपवून.

"नम्ब," ती म्हणाली. "त्यांना काहीच कळत नाहीये."

दुखणं बरं होईपर्यंत स्टिअरिंग बंद, चौकशीच्या खिडकीवर काम, असं ठरलं. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "शेवटी कुठला शब्द दिलास?"

"बधिर."

"त्याहून बारीक नव्हता?"

"होता. 'टिंगलिंग'. नुसत्या मुंग्या."

"मग?"

"मुंग्या नव्हत्या ना, बाबा."

घरी जायला बस आली. बाबा सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे निघाले, थबकले आणि प्रवाशांच्या दाराने चढले. कोवळा ड्रायव्हर पहिल्या थांब्यालाच गचकन थांबला.

"ब्रेक मारतोय की झुरळ?" बाबा पुटपुटले.

मास्तरीण हसली आणि तिची नजर खाली गेली. पुढचा थांबा जवळ येत होता. बाबांचा उजवा पाय हलकेच जमिनीवर दाबला जात होता, अगदी वेळेवर, कुणालाही हिसका बसणार नाही इतका जपून.