सातव्या वातीपर्यंत बंद दार

मित्रांनो, इजिप्तमधल्या असयूतच्या जुन्या बाजारात, तुटक्या इस्त्र्या आणि बिनझाकणाच्या किटल्यांच्या ढिगात जे टिनपाट पडलंय ना, ते मी. गजराचं घड्याळ. काच तडकलीय, पण चावी दिलीत तर आजही चालेन. हसू नका.

कारखान्यात माझ्या पोटात चाकं बसवली, तेव्हा वाटलं होतं, आपण कोणाच्या तरी उपयोगी पडू. पडलो वगदीच्या हाती! धाकट्या भावाबरोबर, नाशेदबरोबर, त्याचं दोरे-बटणांचं दुकान होतं. चर्चमधल्या तरुणांच्या सभेत कोणीतरी सांगितलं की वेळ ही देवाची ठेव आहे, आणि वगदी तडक मला घेऊन आला. मग काय! पहाटेच्या प्रार्थनेला मी वाजायचं, दुपारच्या प्रार्थनेला मी, राग आवरायच्या सरावालाही मीच. खरं सांगतो, सुरुवातीला माणूस सुधारला. सिगारेट सुटली, दुकान वेळेवर उघडू लागलं. सभेत मला उंच धरून तो म्हणायचा, "हा माझा गुरू!" मलाही बरं वाटायचं. का वाटू नये?

त्याची म्हातारी आई, तफीदा, मात्र मला पाण्यात पाहायची. लेकाने घटकाभर जवळ बसावं म्हणून ती मला टेबलावर पालथं घालायची. "या डब्याचं बरं ऐकतोस रे! आईने हाक मारली की तुझे कान कुठे जातात?" वगदी मला पुन्हा सरळ करायचा.

नाशेद जन्माचा उशिरा येणारा. एकदा गिऱ्हाइकांदेखत वगदीने मला त्याच्या नाकासमोर नाचवलं. "देवाचा वेळ चोरतोस तू! चोर आहेस चोर!" नाशेदने दुकानाची किल्ली गल्ल्यावर आपटली आणि निघून गेला. दोघांचं बोलणं तुटलं. पुढे आईने अंथरूण धरलं. तिला एकच ध्यास, डोळे मिटण्याआधी दोन्ही लेकरं एका ताटात जेवताना दिसावीत.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात आमच्याकडे घरोघरी तेलाची प्रार्थना होते. चर्चचे अबूना, म्हणजे आमचे पाद्री, येतात, तेलात सात वाती ठेवतात, एकेका प्रार्थनेला एकेक वात पेटवतात आणि शेवटी घरातल्या सगळ्यांना ते तेल लावतात. रुसलेले नातलग त्या दिवशी येतात आणि भांडण तिथेच मिटतं. आईने नाशेदला निरोप धाडला. 'येतो' म्हणाला. म्हातारी केस विंचरून, उशीला टेकून वाट बघत बसली.

वेळ झाली, पण नाशेदचा पत्ता नाही.

"थोडं थांबू या," अबूना म्हणाले.

"त्याच्यासाठी देवाला ताटकळत ठेवायचं?" वगदीने माझ्याकडे बोट दाखवलं. "सुरू करा, अबूना. तुम्हाला पुढची घरं आहेत." त्याने दाराला कडी घातली.

तिसरी वात पेटली आणि दारावर थाप पडली. "आई, मी आलोय गं!"

"उघड रे, माझा नाशेद आलाय!" आई उठायला लागली.

वगदीने तिचा खांदा दाबला. "प्रार्थनेत खंड नको, आई. संपली की उघडतो."

अबूना घुटमळले आणि पुढे म्हणू लागले. थाप पुन्हा पडली. मग पडली नाही.

सातव्या वातीनंतर दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. उंबऱ्यावर तामियाची कोमट पुडी होती, आईच्या आवडत्या वालाच्या भज्यांची. ती भजी मिळतात त्या दुकानापुढे किती रांग असते, हे वगदीला चांगलं ठाऊक होतं.

आईने ती पुडी उशाशी ठेवली. वगदीच्या हातून तिने नंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. ईस्टरचा सण यायच्या आत ती गेली. तिला उचलायच्या दिवशी नाशेद सगळ्यांच्या आधी आला. वगदीने हात पुढे केला. नाशेदने तो घेतला नाही.

घरी येऊन वगदीने मला भिंतीवर भिरकावलं. "तुझ्यापायी झालं सगळं!" वा रे वा! कडी मी घातली होती? माझे काटे कडीपर्यंत पोचतात का? जन्मभर इमानाने टिकटिक केली, आणि शेवटी भंगारात मी.

मित्रांनो, मला पुसा, चावी द्या, माझ्या हाकेला उठा, प्रार्थनाही करा. पण आपलं माणूस दाराशी आलं, तर आधी मला पालथं घाला. थाप पडली तेव्हा तफीदाने माझ्याकडे हात लांबवला होता. पण वगदीने मला आधीच तिच्यापासून दूर, खिडकीत नेऊन ठेवलं होतं.