आधी वाईट डोळा

"उद्यापासून नाही हो सिस्टर, आजपासून," आरोग्य योजनेच्या खिडकीतला कारकून म्हणाला. "माणशी एकच डोळा. सरकारचा खर्च हाताबाहेर गेलाय, वरून तसा आदेश आलाय."

सिस्टरला वाटलं, हा नेहमीसारखी गंमत करतोय. "आणि दुसरा काय शोभेला ठेवायचा?"

"एकाने भागतं म्हणे. ज्यांचा एक झालाय, त्यांना आता दुसरा नाही."

"पहिल्याने दिसतच नसेल तर?"

कारकुनाने संगणकाकडे पाहिलं, मग पंख्याकडे. "ऑपरेशन झालंय ना? मग झालं. दिसतं की नाही, ते इथे विचारत नाहीत."

आत तिची आई बसली होती, दुसऱ्या डोळ्यासाठी.

नेत्रविभागाची जुनी रीत होती. दोन्हीकडे मोतीबिंदू असेल, तर आधी जास्त वाईट डोळा करायचा. काही बिनसलंच, तर बरा डोळा हाताशी राहतो. सिस्टर वर्षानुवर्षं प्रत्येकाला हेच पढवायची. आईलाही तिनेच पढवलं. आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला आणि मागचा पडदाच खराब निघाला. तेव्हा सिस्टर छातीठोकपणे म्हणाली होती, "घाबरतेस काय? उजवा आहे ना!" आता तो उजवाही धूसर झाला होता. शर्टांना काज-बटणं करून लेकीला शिकवणारी आई हल्ली सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारायची.

आई बाकावर हिरवा गाऊन आणि टोपी घालून, नव्या नवरीसारखी ताठ बसली होती.

"आई, चल घरी. आज नाही होणार."

"का? डॉक्टर आले नाहीत?"

"आलेत. पण योजनेत आता एकच डोळा बसतो. तुझा झालाय म्हणतात."

"झालाय कुठे? गेलाय तो!"

सिस्टर तिच्यापुढे वाकली. "माझंच चुकलं गं. उजवा आधी करायला हवा होता. आपण बाहेर करू, खासगीत."

"बाहेर? तुझा पगार तरी बाहेर पडतोय का वेळेवर?" आई हसली आणि टोपीची नाडी सोडू लागली. गाठ काही सुटेना. सिस्टरने मदतीला हात पुढे केला, तर आईने तो बाजूला सारला आणि नाडी स्वतःच सोडली.

मग ती बाकावर शेजारी बसलेल्या बाईकडे वळली. "तुमचा कितवा हो?"

"पहिलाच. डावा. त्याने काहीच दिसत नाही ना, म्हणून आधी तो. सिस्टरच म्हणाल्या."

आईने चाचपडत तिचा हात धरला. "नको गं बाई. बरा आहे तोच करून घे."

बाई गोंधळली. तिने वर सिस्टरकडे पाहिलं.

"ऐका तिचं," सिस्टर म्हणाली.