सौम्याचा मामा

मला भाऊ नाही. म्हणून सौम्याचे कान टोचले तेव्हा ती शाहुलच्या मांडीवर बसली. राजवाड्यामागच्या गल्लीत त्याची आणि आमची भिंत एकच. मामाच्या मांडीशिवाय कान टोचायचे नाहीत ही आमची रीत. तो मुसलमान, तरी त्याला हाक मारली ती माझ्या सासूबाईंनीच, सोवळं-ओवळं कडक पाळणाऱ्या. तेव्हा कुणाचा धर्म बुडाला नाही.

आता सौम्याचं लग्न ठरलं आणि तो बुडायला लागला.

नवरीला मांडवात आणायचं ते मामानं. व्याही सांबशिव फार गोड बोलले. "आमच्या मनात काही नाही हो. पण कुणी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला तर?"

त्याच ग्रुपवर 'त्यांच्या' दुकानातून बांगड्या घेऊ नका, असा निरोप रोज सुप्रभाताबरोबर येतो आणि तो पुढे पाठवण्यात हेच गृहस्थ सगळ्यांच्या पुढे. शाहुलचं दुकान बांगड्यांचंच. मी तोंडावर सांगितलं, मामा शाहुलच. आमचे हे पंख्याकडे बघत बसले. दिरांशी भांडले, जावांशी भांडले, घसा बसला. वाटलं, पोरगी तरी माझ्या बाजूची आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी शाहुल मामाचं सीर, म्हणजे मामाकडचा आहेर, घेऊन आला. ताटात नारळ, फळं, हळदकुंकू आणि डाळिंबी रंगाची रेशमी साडी. सौम्या त्याच्या पाया पडली. तो घरी गेला तशी म्हणाली, "अम्मा, साडी मी नेसते. पण मामांना उद्या येऊ नका म्हणून सांग. तू सांगितलंस तर ऐकतील."

तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. हातच उचलवेना. रात्रभर विचार केला, कुठल्या तोंडानं सांगू? पण भिंत एकच. सांगावं लागलं नाही.

सकाळी शाहुलच्या दाराला कुलूप होतं. यांचा कुणी लांबचा भाऊ मुरलीकृष्ण, त्यानं सौम्याला हात धरून मांडवात आणलं. साडीचं सगळ्यांनी कौतुक केलं.

संध्याकाळी शाहुलचा फोन आला. "अक्का, पोरगी रडली का गं? कान टोचताना फार रडली होती."

"नाही रे," मी म्हटलं, "हसत होती."

आणि ते खरंच होतं.