सत्यशीलाचा डबा

शांतवनरावांनी भाषणाचे कागद बाजूला सारले आणि फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढला. डब्याच्या चिकटपट्टीवर त्यांच्या बायकोचं नाव होतं, सत्यशीला. ती जाऊन चार महिने झाले होते.

डबा हलका लागला. त्यांनी झाकण काढलं. आत काहीच नव्हतं.

"रिकामाच असणार, भाऊ," दारातून कुसुमबाई हळूच म्हणाल्या. उद्या पूर्णेच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता. रोज स्वयंपाकाआधी गरिबांसाठी बाजूला काढलेली ज्वारीची मूठ त्या दिवशी ज्याच्या-त्याच्या नावाच्या डब्यातून वेदीपुढे ठेवतात. कुसुमबाई घरोघरचे डबे गोळा करत होत्या. "तीन वर्षं असाच येतो. बायका कुजबुजायच्या. सत्यशीलाबाई नुसत्या हसायच्या."

"पण ती रोज मूठ काढायची. मी बघायचो ना."

बघायचे, आणि चेष्टाही करायचे. तुझ्या मुठीनं देशाची गरिबी हटणार का? लोकांना काम पाहिजे, रास्त मजुरी पाहिजे. सभांमधून ते हेच बोलत आले होते, आणि उद्याच्या सणातही हेच बोलणार होते. देशाची गरिबी आणि ख्रिस्ती माणसाचं उत्तर.

अंगणात भांडी घासणाऱ्या तानुबाईचा हात थांबला.

"सायेब, त्यो डबा माझ्या घरी रिता व्हायचा."

"तुझ्या घरी? का गं?" कुसुमबाईंनी विचारलं.

"पगार वाढवा म्हनलं, तर सायेब म्हनले, परवडत नसंल तर दुसरी बाई बघतो. मग बाईसायबानी मागच्या दारी बोलावलं. हे नेत जा म्हनल्या, दान न्हाई, तुझ्या मजुरीचंच हाय. सायबाला पुन्ना इचारू का म्हनलं, तर म्हनल्या, आत्ता नगं, ते मजुरीवर भाषन लिव्हायलेत."

ती खाली मान घालून पातेलं घासू लागली.

शांतवनरावांनी डब्यात पुन्हा पाहिलं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी सत्यशीला म्हणाली होती, तानूचं बघा. ते म्हणाले होते, बघतो. आणि भांडी वेळेवर होतात की नाही, एवढंच ते बघत राहिले होते.

"जाऊ द्या, भाऊ," कुसुमबाईंनी पिशवीचं तोंड सोडलं. "माझ्याकडची चार मुठी ज्वारी टाकते. बाईच्या नावाला बोल नको."

"नको."

त्यांनी नखानं चिकटपट्टी उकरली. ती तुकड्या-तुकड्यानं निघाली. मग भाषणाच्या पहिल्या पानाचा कोपरा फाडून त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, तो झाकणात अर्धा बाहेर ठेवून दाबला आणि रिकामा डबा कुसुमबाईंच्या हातात दिला.

"असाच ठेवा वेदीपुढं."

"अहो, लोक विचारतील."

"मी तिथंच उभा असणार आहे."

कुसुमबाई गेल्या. शांतवनराव अंगणाच्या पायरीवर येऊन बसले.

"तानुबाई, भांडी राहू दे. तीन वर्षांपूर्वी काय मागितलं होतंस, ते पुन्हा सांग."

तानुबाईनं नळाखाली हात धुतले, पदराला पुसले. मग मान वर करून ती सांगू लागली.