टोळीवरची

डी.एड.च्या वार्षिक पाठाचे मार्क म्हणजे नोकरीची अर्धी ऑर्डरच, असं तेव्हा सगळे म्हणायचे. गीताला ते मार्क हवेच होते. वडिलांनी तिला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, पहिल्या दहात आलीस तर नोकरी, नाही तर उन्हाळ्यात लग्न. माजलगावच्या धरणाचं पाणी आलं, ऊस झाला, वडील सहकारी कारखान्याचे सभासद झाले, पण मुलीच्या बाबतीत त्यांचं डोकं काही ओलिताखाली आलं नव्हतं.

सरावाची शाळा कारखान्याजवळच होती. त्या साली पाटोद्याकडं पावसानं असा दगा दिला की गावंच्या गावं ऊसतोडीला उतरली. शाळेमागच्या माळावर तोडणीच्या टोळ्यांनी राहायला पाचटाच्या कोप्या घातल्या आणि चौथीच्या वर्गात अकरा नवी पोरं येऊन बसली. छात्रशिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"चार महिन्यांचे पाव्हणे हायेत हे," राधाकिशन म्हणायचा. तो गीताच्या गटाचा म्होरक्या. "ह्यांच्या पायी आपला पाठ कशाला नासवायचा?"

गीता असं कधी बोलायची नाही. ती त्या पोरांना गोड हसून मागं बसवायची आणि पाटीवर चित्रं काढायला लावायची. आपण राधाकिशनपेक्षा कितीतरी बऱ्या आहोत, असं तिला अगदी मनापासून वाटायचं.

पाठाच्या आदल्या दिवशी राधाकिशननं टोळीच्या पोरांना ठोकून दिलं, "उद्या सुट्टी हाय." गीता शेजारीच उभी होती. ती फळा पुसत राहिली. ती पोरं गेल्यावर तिनं गावच्या पोरांना दरवर्षीची युक्ती समजावली. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. बाई उजवा हात बघून विचारणार आणि परीक्षक खूश होणार. प्रत्येक बॅच हेच करत आली होती आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचा नकाशा टांगला गेला, परीक्षक मागच्या खुर्चीत बसले, आणि तेवढ्यात दारातून टोळीची मुक्ता आत आली. कडेवर धाकटा भाऊ. गावची पोरं दप्तरं घेऊन शाळेकडं जाताना दिसली म्हणून तीही निघाली होती. सुट्टी नव्हतीच, एवढं तिला कळलं होतं. परीक्षकांसमोर तिला हाकलणार कसं? ती शेवटच्या ओळीत बसली. भाऊ तिच्या उजव्या दंडावर मान टाकून झोपी गेला.

गीतानं घसा साफ केला. जिल्ह्याचं ठिकाण कोणतं? चाळीस हात वर. तिनं एका उजव्या हाताला उठवलं, उत्तर बरोबर आलं. सिंदफणेवर कोणतं धरण? पुन्हा उजवा, पुन्हा बरोबर. मुक्ताचा डावा हात दोन्ही वेळेस वर होता. ह्या पोरीला येत नाही, असं गीतानं धरलं. तिसऱ्या प्रश्नाला मात्र गीताच्या लक्षात आलं. ही काल त्या वेळी वर्गात नव्हती. हिला युक्ती कुणी सांगितलीच नाही! उजव्यावर पोर झोपलंय म्हणून ही डावा हात वर करतेय.

मग विचार की तिला, असं गीताचं मन म्हणालं. आणि चुकली तर? आपण विचारायचं नाही, हे तिनं त्या क्षणी पुरत्या शुद्धीत ठरवलं.

इतक्यात परीक्षकांनी स्वतःच प्रश्न टाकला, "बिंदुसरा धरण कोणत्या गावाजवळ आहे?"

हा प्रश्न पाठ करून घेतलेला नव्हता. सगळा वर्ग डाव्या हातांनी भरून गेला. दाराआडून राधाकिशन हातवारे करत होता. मुक्ता तर गुडघ्यांवर उठून हात हलवत होती.

परीक्षकांनी मान वळवली. "बाई, ही मागची मुलगी मघापासून हात वर करतेय. तिला एकदाही का नाही विचारलंत?"

"सर," गीता म्हणाली, "ती टोळीवरची आहे."

"असं होय," परीक्षक म्हणाले. त्यांना एवढं उत्तर पुरलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. गीतानं स्वतःच पाली गावाचं नाव सांगून नकाशावर छडी टेकवली. मुक्ताचा हात खाली आला. तिनं भावाला सावरून घेतलं, उठली आणि कुणाकडं न बघता वर्गाबाहेर गेली.

पाठाला पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळाले. राधाकिशननं चहा पाजला. गीताला तो घोटभरही जाईना. पाच वाजता ती एकटीच माळावर गेली. माझं चुकलं, एवढंच मुक्ताला सांगायचं, तिच्या आईसमोर सांगायचं, असं तिनं वाटेत घोकून ठेवलं होतं.

मुक्ताची आई भिवराबाई उसाच्या फडावरून नुकतीच आली होती. बाई आलेल्या बघून तिची धांदल उडाली. तिनं पोतं झटकून अंथरलं.

"बसा बाई, बसा. मी आल्यापास्नं पोरगी एकच सांगायली. सायबापुढं बाईंनी मलाच उठवलं म्हणं. पालीचं धरण कुनालाच सांगता आलं न्हाई, हिनंच सांगितलं म्हणं. खरं हाय का वो?" तिचा काळवंडलेला चेहरा नुसता फुलून आला होता. "येताना आमी तिथंच मुक्काम केलता. धरणात पानी न्हवतं, हिनं झरा उकरून घागर भरली. ती कशी इसरंल?"

गीतानं मुक्ताकडं पाहिलं. मुक्ता भावाला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली होती. आता बाई काय सांगतात, याची ती वाट बघत होती.

"खरं आहे," गीता म्हणाली. "सगळ्या वर्गात तिनंच सांगितलं."

भिवराबाईनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि तिला बाईंसाठी चहा टाकायला सांगितलं. मुक्तानं चुलीत पाचट सारलं, आधण ठेवलं, कप धुऊन चहा गीताच्या हातात आणून दिला. पण बाईंच्या तोंडाकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.